'सॉरो' : एका पेन्सिल-रेखाटनातील मानवाकृती आणि वनस्पती

कवितेचे रसग्रहण कसे करावे हे मराठीच्या आणि उर्दूच्या विद्यार्थ्याला शाळेपासून शिकविले जाते. चित्राच्या बाबतीत असे होत नाही. चित्रकलेच्या तासाला विद्यार्थी स्वतः चित्र काढतो. पण दुसऱ्याने काढलेल्या चित्रासमोर थांबून ते सावकाश वाचण्याची सवय त्याला क्वचितच लागते. मुस्लिम समाजात या उणिवेला आणखी एक कारण आहे. सजीवांच्या चित्रणाविषयी धर्मशास्त्रात जी प्रदीर्घ चर्चा झाली, तिच्यामुळे चित्र या विषयाकडे संकोचाने पाहिले जाते आणि संकोचापोटी कित्येकदा पाहण्याचेच टाळले जाते.

या चर्चेतील एक प्रसंग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. चित्रे काढून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला सजीवांच्या चित्रणाविषयीची मनाई सांगितली आणि हेच काम करणे भाग असेल तर झाडे व ज्यांत रूह नाही अशा वस्तू काढाव्यात, असा मार्ग दाखविला. सहीह बुखारीत ही हदीस आहे. माणूस एका बाजूला आणि झाड दुसऱ्या बाजूला, अशी चित्रविषयांची विभागणी तेव्हापासून परिचित झाली. उलेमांनी या हदीसचे जे अर्थ लावले त्यांचा निवाडा करणे हे साहित्य-कलासमीक्षेचे काम नव्हे. मात्र माणूस आणि झाड ही दोन्ही ज्या चित्रात शेजारी-शेजारी आली आहेत, तेथे त्यांचे परस्परांशी नाते काय आहे, हा प्रश्न समीक्षेचाच आहे. डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग याच्या 'सॉरो' (शोक) या १८८२ सालच्या रेखाटनाचा विचार येथे याच प्रश्नाच्या अनुषंगाने केला आहे.

चित्राची जन्मकथा

व्हॅन गॉगचे नाव घेताच सूर्यफुले, पिवळी शेते आणि चांदण्यांची भोवरे घेणारी रात्र डोळ्यांसमोर येते. आयर्व्हिंग स्टोनच्या 'लस्ट फॉर लाइफ' (१९३४) या कादंबरीमुळे त्याचे दुःखी आयुष्यही जगभर परिचयाचे झाले. पण हा रंगांचा चित्रकार आरंभीची काही वर्षे प्रामुख्याने काळ्या रेषेचा चित्रकार होता, ही गोष्ट सामान्य वाचकाला फारशी माहीत नसते. १८५३ मध्ये जन्मलेल्या व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचे ठरविले ते १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. त्यापूर्वी त्याने चित्रविक्रेत्याच्या दुकानात नोकरी केली होती, शिक्षकी केली होती आणि बेल्जियममधील खाणकामगारांमध्ये धर्मोपदेशकाचे काम केले होते. रंगाकडे वळण्याआधी हात रेषेवर बसला पाहिजे, अशी त्याची धारणा होती.

१८८१ च्या अखेरीस तो हॉलंडमधील द हेग या शहरात राहावयास आला. १८८२ च्या जानेवारीत त्याची क्लासिना मारिया हूर्निक या स्त्रीशी ओळख झाली. व्हॅन गॉगच्या चरित्रात ती 'सीन' या नावाने ओळखली जाते. शिवणकामावर भागत नसल्यामुळे ती रस्त्यावर उभी राहून पोट भरीत होती. पदरी एक लहान मुलगी होती, दुसरे मूल पोटात होते आणि त्याचा बाप तिला सोडून गेलेला होता. व्हॅन गॉगने तिला मॉडेल म्हणून काम दिले, घरात आसरा दिला आणि पुढे तिच्याशी लग्न करण्याचा विचारही बोलून दाखविला. या संबंधामुळे नातेवाईक नाराज झाले. ज्याच्याकडून त्याने चित्रकलेचे धडे घेतले होते तो अँटन मॉव्हही दुरावला.

याच काळात, १८८२ च्या एप्रिलमध्ये 'सॉरो' काढले गेले. तेव्हा सीन बत्तीस वर्षांची आणि व्हॅन गॉग एकोणतीस वर्षांचा होता. सुमारे साडेचव्वेचाळीस सेंटिमीटर उंच आणि सत्तावीस सेंटिमीटर रुंद असा हा कागद आज इंग्लंडमधील वॉल्सॉल येथील कलादालनात आहे. कॅथलीन गार्मन आणि सॅली रायन या दोन स्त्रियांनी जमविलेला संग्रह गार्मनने १९७३ मध्ये त्या गावाला दिला, त्यात तो होता. भाऊ थिओ याला पाठविताना व्हॅन गॉगने, आतापर्यंत काढलेल्या मानवाकृतींमध्ये ही आपल्याला सर्वांत चांगली वाटते, असे कळविले होते. जवळच्या माणसाला पाठवायचे असल्यामुळे आपण यात काहीसे उदास होण्यास कचरलो नाही, असेही त्याने लिहिले.

मानवाकृती : झाकलेला चेहरा

चित्रातील स्त्री विवस्त्र आहे. उघड्यावर, खालच्या बाजूस कसला तरी आधार घेऊन ती बसली आहे. आकृती बाजूने दिसते. गुडघ्यांवर दोन्ही हात आडवे ठेवून तिने त्यांत डोके खुपसले आहे. केस पाठीवर मोकळे सुटले आहेत. छाती ओघळलेली आहे आणि मांड्यांवर टेकलेले पोट तिच्या गरोदरपणाची साक्ष देते.

या विवस्त्रतेला बगल देऊन चित्राविषयी बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या घरांत हया हा ईमानचा भाग मानला जातो, तेथील वाचकाला हे चित्र प्रथमदर्शनी अडवणारच. तरीही एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. युरोपीय चित्रकलेतील नग्न स्त्री बहुधा पाहणाऱ्यासाठी मांडलेली असते. तिचा चेहरा, डोळे, अंगाचा बाक हे सारे पाहणाऱ्याच्या दिशेने वळलेले असते. तेथे देह तरुण असतो आणि तो निवांत असतो. 'सॉरो'मधील देह यांपैकी काहीही नाही. तो थकलेला आहे, ओझ्याने वाकलेला आहे आणि शक्य तितका मिटलेला आहे. पाहणाऱ्याने पाहावे अशी तिची इच्छा नाही. किंबहुना कोणी पाहत आहे याची तिला जाणीवही नाही. जिच्याकडे अंग झाकायला काही उरले नाही तिने निदान तोंड झाकून घेतले आहे. कोणत्याही स्त्रीचे असे चित्र निघू नये असे मानणाऱ्यालाही हे कबूल करावे लागेल, की येथे रेषेने वासनेशी हातमिळवणी केलेली नाही. हे चित्र पाहून लाज वाटलीच, तर ती त्या स्त्रीची न वाटता तिला या अवस्थेत सोडून जाणाऱ्यांची वाटते. कुरआनात अनाथ आणि निराधारांविषयी वारंवार जी ताकीद आली आहे, ती ज्याच्या कानांवर आहे त्याला या चित्राचा मुख्य अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आता रेषेकडे पाहावे. चेहरा हा शोक दाखविण्याचा सर्वांत सोपा मार्ग असतो. अश्रू, आक्रसलेल्या भुवया, उघडे ओठ यांच्या साहाय्याने सामान्य चित्रकारही दुःख 'सांगू' शकतो. व्हॅन गॉगने हा मार्ग बंद करून घेतला. त्यामुळे सारा भार बाह्यरेषेवर आला. मानेपासून निघून पाठीवरून खाली उतरणारी रेषा हा या चित्राचा कणा आहे. ती अखंड आहे. पण गुळगुळीत नाही. खांद्याशी ती टणक होते, पाठीच्या मध्यावर ढिली पडते, कमरेशी पुन्हा जड होते. या रेषेच्या आत छायेचे काम फार थोडे आहे. देह जवळजवळ कोऱ्या कागदाचाच ठेवला आहे. परिणाम असा होतो, की भोवतालच्या काळसरपणात ही आकृती पांढरी, उघडी आणि थंडीत बसलेली वाटते.

रेषेचा हा नेमकेपणा एका बैठकीत आलेला नाही. मूळ अभ्यासचित्र काढताना त्या कागदाखाली आणखी दोन कागद होते. बाह्यरेषा बरोबर यावी म्हणून हात इतका जोर देऊन चालला, की तिचा ठसा खालच्या कागदांवर उमटला. तो पाहून व्हॅन गॉगने पहिल्या अभ्यासाच्या आधाराने ते कागदही पुरे केले. थिओकडे गेलेले चित्र यांपैकीच होते आणि ते पहिल्यापेक्षा ताजे उतरले आहे असे त्याचे मत होते. आज जी रेषा सहज आलेली वाटते ती आधी कागदात रुतलेली होती, ही गोष्ट रसास्वादाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

वनस्पती : शोकाला उत्तर की साक्ष?

स्त्रीच्या पायांशी आणि आसपास वसंताच्या आरंभी येणारी लहान फुलझाडे व डहाळ्या आहेत. चित्राविषयी लिहिणारे पुष्कळदा या वनस्पतींचा उल्लेख एका वाक्यात करून पुढे जातात. त्यांचा अर्थ ठरलेला असतो: स्त्री म्हणजे दुःख, फुले म्हणजे आशा. उत्तरेकडील देशांत हिवाळा संपताना जमिनीतून वर येणारे पहिले फूल हे नव्या जीवनाचे चिन्ह मानले जाते आणि स्त्रीच्या पोटातही नवे जीवन आहे, तेव्हा हा अर्थ अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही.

परंतु चित्रात ही झाडे काढली कशी आहेत हे पाहिले, म्हणजे एवढ्यावर समाधान होत नाही. ती टवटवीत नाहीत. त्यांची पाती मोजक्या, तुटक फटकाऱ्यांनी काढली आहेत. जमीन सुपीक वाटत नाही. स्त्रीच्या पाठीला जी टणक व किंचित वेडीवाकडी रेषा मिळाली आहे तीच डहाळीला मिळाली आहे. फुलांसाठी एक नाजूक हात आणि देहासाठी दुसरा जड हात, असा भेद चित्रकाराने केलेला नाही. ज्या हवेत ती स्त्री कुडकुडते आहे त्याच हवेत ही रोपटी उगवली आहेत. म्हणून वनस्पती येथे दुःखावरचा उतारा म्हणून आलेल्या नाहीत. त्या साक्षीदार आहेत आणि थोड्याफार प्रमाणात भागीदारही आहेत. आशा असलीच, तर ती फुलांच्या सौंदर्यात नसून अशा जमिनीतही काहीतरी तग धरून आहे या साध्या वस्तुस्थितीत आहे.

'मुळे' : एका चित्राची दोन चित्रे

हा अर्थ चित्रावर बाहेरून लादलेला नाही, याला पुरावा आहे. 'सॉरो'नंतर तीन आठवड्यांतच, १८८२ च्या मेच्या आरंभी, व्हॅन गॉगने थिओला दोन नव्या रेखाटनांविषयी लिहिले. पहिले म्हणजे 'सॉरो'चीच मोठी आवृत्ती. तीत त्याने भोवतालचा परिसर काढून टाकला आणि फक्त आकृती ठेवली. केस पाठीवरून काढून पुढे घेतले, त्यामुळे खांदा, मान आणि पाठ उघडी झाली. दुसरे रेखाटन होते 'मुळे'. वाळूच्या जमिनीत रुतलेल्या झाडाची मुळे, एवढाच त्याचा विषय. हे चित्र आज हॉलंडमधील ऑटर्लो येथील क्रोलर-म्युलर संग्रहालयात आहे.

या पत्रात व्हॅन गॉगने दोन्ही चित्रांमागील हेतू स्पष्ट केला आहे. मानवाकृतीत जी भावना आहे तीच भूदृश्यात आणण्याचा आपला प्रयत्न आहे, असे तो सांगतो. मुळे जिवाच्या आकांताने जमीन धरून आहेत आणि तरीही वादळाने ती अर्धी उपटली गेली आहेत. स्त्रीच्या त्या पांढऱ्या, सडपातळ देहात आणि या काळ्या, गाठाळ मुळांत जगण्याच्या झगड्याचे काहीतरी उतरावे, अशी त्याची इच्छा होती.

याचा अर्थ असा, की लहान 'सॉरो'मध्ये जे एकत्र होते ते व्हॅन गॉगने पुढे दोन कागदांवर वेगळे केले. माणसाला झाडांपासून सोडविले आणि झाडाला माणसाशिवाय उभे केले. झाड स्वतंत्रपणे शोक व्यक्त करू शकते काय, याचीच जणू परीक्षा त्याने घेतली. वनस्पती जर केवळ सजावट असती तर तिला स्वतंत्र कागद मिळण्याचे कारण नव्हते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने थिओला लिहिले, की साऱ्या निसर्गात, उदाहरणार्थ झाडांत, आपल्याला भाव आणि जणू आत्माही दिसतो. छाटलेल्या विलो वृक्षांची रांग कधीकधी अनाथाश्रमातील वृद्धांच्या मिरवणुकीसारखी वाटते. आत्मा दिसतो म्हणताना त्याने 'जणू' हा शब्द वापरला आहे, याची नोंद घ्यावी.

पेन्सिलचे काम

आपल्याकडे पेन्सिल म्हणजे कच्चे काम, अशी समजूत आहे. शाळकरी मुलगा पेन्सिलने आखतो आणि मग रंगवितो. रंगविताना पेन्सिलची रेघ झाकली जावी अशी अपेक्षा असते. फारसी परंपरेत मात्र रंगाविना, काळ्या रेषेत पुऱ्या केलेल्या चित्राला 'सियाह कलम' असे स्वतंत्र नाव होते आणि त्याची गणना पक्क्या कामात होत असे. तेथे साधन कुंचला आणि शाई असे. व्हॅन गॉगने हाच मान पेन्सिलला दिला. 'सॉरो'मध्ये पेन्सिलच्या रेषेला काही ठिकाणी शाईने पक्के केले आहे. 'मुळे'विषयी तर तो सांगतो, की हे नुसते पेन्सिलचे रेखाटन असले तरी आपण ते रंगचित्रासारखे घासले आहे आणि पुन्हा खरवडले आहे.

त्याची आवडती पेन्सिल सुताराची होती. सुताराच्या पेन्सिलीतील शिसे चपटे, रुंद आणि जाड असते. ती चाकूने तासावी लागते. कडेने धरली तर बारीक रेघ येते, आडवी धरली तर बोटाएवढा जाड पट्टा येतो, आणि दाब दिला तरी टोक मोडत नाही. दुकानात मिळणाऱ्या नाजूक पेन्सिलींपेक्षा हे ओबडधोबड साधन त्याला पसंत होते. जुन्या थोर चित्रकारांनीही असेच काहीतरी वापरले असावे असा त्याचा तर्क होता. शिशाला एक चकाकी असते आणि गडद भागावर प्रकाश पडला की ती डोळ्यांना खुपते. ती घालविण्यासाठी व्हॅन गॉग जाड कागदावर काम करी आणि पुरे झालेल्या रेखाटनावर दूध ओती. दुधाने चकाकी मरते, काळेपणा मखमलीसारखा होतो आणि शिसेही कागदाला धरून राहते.

ही माहिती केवळ कारागिरीची म्हणून देण्याचे कारण नाही. सुताराची पेन्सिल हे कष्टकऱ्याचे साधन आहे. लाकडावर रेघ मारणाऱ्या त्या पेन्सिलने झाडाची मुळे आणि कष्टाने झिजलेला देह काढला जावा, यात विषय आणि साधन यांचा मेळ आहे. मुळांचा गाठाळपणा आणि पाठीच्या कण्याचा टणकपणा एकाच दाबातून उमटला. रंग असते तर त्वचेचा रंग वेगळा, पानांचा वेगळा, मातीचा वेगळा, असे होऊन माणूस व झाड आपोआप निराळे पडले असते. काळ्या-पांढऱ्यात त्यांच्यातील अंतर कमी झाले.

हाशिया आणि मतन

माणूस आणि वनस्पती यांना शेजारी आणण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. गझलेच्या वाचकाला ती मुखोद्गत असते. सरू म्हणजे प्रेयसीचा बांधा, नर्गिस म्हणजे डोळा, गुल म्हणजे गाल, सुंबुल म्हणजे केस. येथे वनस्पती हे उपमान आहे, तश्बीह आणि इस्तिआरा यांची सामग्री आहे. तिने माणसाच्या सौंदर्याची सेवा करावयाची असते. अपवाद लालाचा. त्याच्या पोटातील काळ्या डागात कवींनी जळालेले काळीज पाहिले, आणि तेथे मात्र फूल स्वतःच शोकाकुल झाले.

मोगल चित्रकलेत हीच व्यवस्था डोळ्यांना दिसते. काश्मीरच्या फुलांची शंभराहून अधिक चित्रे उस्ताद मन्सूरने काढली, अशी नोंद जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. जहांगीर आणि शाहजहान यांच्या काळातील मुरक्कांमध्ये मध्यभागी एखाद्या अमिराची किंवा दरवेशाची तसबीर असते आणि भोवतीच्या हाशियात एकेक फुलझाड सोन्याच्या रेघेने सजविलेले असते. फुलांचा अभ्यास इतका बारकाईचा की पाकळ्या मोजून घ्याव्यात. पण हाशिया आणि मतन यांच्यामधील चौकट पक्की असते. फूल माणसाच्या सन्मानार्थ तेथे असते. माणसाच्या सुखदुःखाशी त्याला कर्तव्य नसते.

'सॉरो'मध्ये ही चौकट नाही. हाशियातील फुलझाड मतनात उतरले आहे आणि स्त्रीच्या पायांशी त्याच मातीत बसले आहे. ती स्त्रीही समाजाच्या हाशियातलीच होती. अमिराच्या जागी ती आणि सोन्याच्या रेघेच्या जागी सुताराची पेन्सिल, असा हा बदल आहे. मोगल मुरक्क्याची थोरवी यामुळे कमी होत नाही. त्या कलेचे प्रयोजन सन्मान हे होते, या चित्राचे प्रयोजन सहवेदना हे आहे.

मराठी वाचकाला ही सहवेदना अनोळखी वाटू नये. तुकोबांनी वनातील झाडावेलींशी सोयरीक जोडली. बालकवींच्या 'औदुंबर' या अवघ्या काही ओळींच्या कवितेत गाव, शेते, पाऊलवाट असे निसर्गदृश्य येते आणि अखेरीस झाड दिसते ते पाण्यात पाय सोडून बसलेल्या माणसासारखे. त्या झाडाला काय झाले आहे हे कवी सांगत नाही आणि न सांगण्यातच कवितेचे सामर्थ्य आहे. व्हॅन गॉगचा मृत्यू आणि बालकवींचा जन्म एकाच वर्षातला, १८९० चा. दोघांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण बसलेला माणूस आणि उभे झाड यांच्यातील अंतर मिटविणारी दृष्टी दोन दूरच्या भाषांत स्वतंत्रपणे येऊ शकते, एवढे या योगायोगावरून ध्यानात येते.

आरंभी उल्लेखिलेल्या रूह असलेल्या व नसलेल्या विषयांच्या विभागणीकडे येथे पुन्हा वळता येईल. झाडात रूह आहे असे व्हॅन गॉगचे चित्र सिद्ध करीत नाही आणि 'जणू' या शब्दाने त्याने स्वतःही ते मान्य केले आहे. पण झाड निर्विकार आहे, असेही हे चित्र मानू देत नाही. सूरह रहमानमध्ये वृक्ष सजदा करीत असल्याचा निर्देश आहे. जे सजदा करते ते नुसती वस्तू कसे असेल? चित्रकाराला झाडे काढण्याची जी वाट दाखविली गेली ती कमी दर्जाची, केवळ नक्षीची वाट आहे, असा समज आपल्या कलाशिक्षणात रुजला आहे. फुलापानांचा उपयोग संकल्पचित्रात आकृतिबंध भरण्यापुरता केला जातो. 'मुळे' हे चित्र या समजाला उत्तर देते. त्यात माणूस नाही, पशू नाही, पक्षी नाही. तरीही शोकाचे, चिकाटीचे, उन्मळून पडण्याच्या भीतीचे असे दर्शन त्यात घडते, की कोणत्याही चेहऱ्याची उणीव भासू नये. सजीवाकृती काढण्यास ज्याचे मन धजत नाही अशा विद्यार्थ्यालाही गंभीर चित्रकार होण्यास येथे पुरता वाव आहे.

मर्यादा

'सॉरो' निर्दोष आहे असे म्हणता येत नाही. हात आणि पाय यांचे रेखाटन काहीसे ताठर आहे. बाह्यरेषा कोठेकोठे इतकी जड झाली आहे, की आकृती कापून चिकटविल्यासारखी वाटते. त्याहून मोठा आक्षेप शब्दांविषयी आहे. चित्रकाराने कागदावरच 'सॉरो' हे इंग्रजी शीर्षक लिहिले आणि खाली फ्रेंच लेखक झ्यूल मिशले याच्या 'ला फाम' या ग्रंथातील, पृथ्वीवर एकटी टाकून दिलेली स्त्री असावीच कशी, अशा आशयाचे वाक्य उतरविले. त्या काळातील इंग्रजी सचित्र नियतकालिकांतील काळ्या-पांढऱ्या चित्रांवर त्याचे प्रेम होते आणि हे रेखाटन त्या धर्तीवर केल्याचे त्याने स्वतःच सांगितले आहे. तेथे चित्राखाली ओळ असण्याची रूढी होती. तरीही, पाठीच्या रेषेने जे सांगून झाले आहे ते शब्दांनी पुन्हा सांगण्याची गरज नव्हती. 'मुळे' या चित्राला असा आधार लागला नाही, म्हणून ते अधिक प्रौढ वाटते.

दुसरा प्रश्न नैतिक स्वरूपाचा आहे. चित्र काढले गेले तेव्हा सीन एकटी नव्हती. चित्रकार तिच्या सोबत होता. जुलै १८८२ मध्ये तिला मुलगा झाला आणि काही काळ हे कुटुंब एका छपराखाली राहिले. पण १८८३ च्या सप्टेंबरात व्हॅन गॉग तिला व मुलांना सोडून उत्तरेकडील ड्रेन्थ प्रांतात निघून गेला. गरिबी, नातेवाइकांचा दबाव, आपसांतील कलह अशी कारणे त्यामागे होती. १९०४ मध्ये सीनने पाण्यात उडी घेऊन जीव दिला. चित्राखालचा तो प्रश्न अशा रीतीने चित्रकारालाच विचारावा लागतो. शिवाय सीनची बाजू आज कोठेच उपलब्ध नाही. ती जगाला दिसते ती व्हॅन गॉगच्या पत्रांतून आणि रेखाटनांतून. झाकलेल्या चेहऱ्याचा एक अर्थ असाही होतो, की जिच्या शोकाचे हे चित्र आहे तिला त्यात बोलण्याची सोय नाही. यामुळे चित्राचे मोल कमी होत नाही. पण कलावंताची करुणा आणि माणसाची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरून चित्र पाहू नये.

समारोप

'सॉरो'तील फुलझाडांपासून सुरू झालेला धागा पुढे तुटला नाही. १८९० च्या जुलैत, फ्रान्समधील ओव्हेर या गावी, व्हॅन गॉगने आपले अखेरचे मानले जाणारे चित्र रंगविले. त्याचा विषय होता झाडांची मुळे. ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात असलेले हे चित्र अपुरे राहिले आहे. ज्या उतारावर ते काढले ती जागा २०२० मध्ये एका जुन्या पोस्टकार्डाच्या साहाय्याने ओळखली गेली. २७ जुलै रोजी त्याने स्वतःला गोळी मारून घेतली आणि २९ जुलै रोजी तो मरण पावला. आठ वर्षांपूर्वी पेन्सिलने काळी काढलेली मुळे आता निळी, हिरवी आणि पिवळी झाली होती. पण विषय तोच होता, जमीन धरून राहण्याचा. या वेळी शेजारी बसलेली स्त्री मात्र नव्हती.

'सॉरो' समोर ठेवून विद्यार्थ्याला एवढे शिकविता आले तरी पुरे आहे: आधी पाठीची रेषा डोळ्यांनी वरून खाली उतरावी, मग पायांशी असलेल्या रोपट्यांकडे यावे आणि दोन्ही ठिकाणी हात एकच आहे हे ओळखावे. चेहरा न पाहताही माणूस कळतो आणि माणूस न काढताही दुःख काढता येते, ही गोष्ट त्या दोन टप्प्यांत त्याच्या ध्यानात येईल. चित्राविषयीचा संकोच त्यामुळे नाहीसा होईलच असे नाही. पण न पाहता आलेला संकोच आणि पाहून घेतलेला निर्णय यांतील फरक त्याला नक्की समजेल.